विश्लेषण : मधाचे वेड असलेले अस्वल ‘ताओ’ कसे शिकवते?

ए. ए. मिल्न यांचे ‘विनी द पू’ हे पुस्तक १४ ऑक्टोबर १९२६ रोजी प्रकाशित झाले. आखूड लाल शर्ट घातलेले, मधाच्या बरणीत हात घालून बसलेले हे अस्वल आपल्याकडे बहुतेकांना डिस्नेच्या कार्टूनमधून ठाऊक आहे. (मराठी कानांना हे नाव जरा विचित्रच वाटते, पण त्याला इलाज नाही.) पाश्चात्त्य जगातील अनेक वाचकांना मात्र याच अस्वलाने प्राचीन चिनी तत्त्वज्ञानाची पहिली ओळख करून दिली. निमित्त ठरले १९८२ मध्ये आलेले ‘द ताओ ऑफ पू’ हे छोटेखानी पुस्तक. ते न्यूयॉर्क टाइम्सच्या सर्वाधिक खपाच्या यादीत ४९ आठवडे होते. खेळण्यातल्या अस्वलाकडून तत्त्वज्ञान खरोखर शिकता येते का, आणि शिकताना काय हातचे निसटते?

पुस्तक लिहिले कोणी?

लेखक बेंजामिन हॉफ हे अमेरिकेतील ओरेगन राज्याचे. पोर्टलंड शहरातील जपानी उद्यानात ते झाडांची छाटणी करत आणि संध्याकाळी व सुट्टीच्या दिवशी हे पुस्तक लिहीत. ताओवादावर इंग्रजीत जे लिहिले जाते ते विद्वानांनी विद्वानांसाठी लिहिलेले असते, त्यातला मूळ साधेपणा आणि हसरेपणा हरवतो, ही त्यांची तक्रार. म्हणून त्यांनी पू, पिगलेट, रॅबिट, आऊल आणि ईयोर यांना थेट पुस्तकात बोलावले. लेखक समजावून सांगतो आहे आणि पू मध्येच काहीतरी विचारून त्याची गाडी रुळावरून उतरवतो आहे, असा हा मामला.

‘ताओ’ म्हणजे मार्ग, किंवा विश्व ज्या रीतीने चालते ती रीत. ‘ताओ ते चिंग’ हा त्याचा आद्य ग्रंथ अवघ्या ८१ प्रकरणांचा आणि सुमारे पाच हजार चिनी अक्षरांचा. परंपरा तो लाओ त्झू यांच्या नावावर टाकते. ते झोऊ दरबारातील दफ्तरखान्याचे रखवालदार होते आणि राज्य सोडून पश्चिमेकडे जाताना नाक्यावरच्या अधिकाऱ्याच्या आग्रहाखातर त्यांनी हे लिहून दिले, अशी आख्यायिका आहे. आजचे बहुतेक अभ्यासक मात्र हा एका हातचा ग्रंथ मानत नाहीत. १९९३ मध्ये चीनमधील ग्वोद्यान येथे एका थडग्यात सापडलेल्या बांबूच्या पट्ट्यांवर याच मजकुराचा काही भाग आहे, त्या इ.स.पूर्व ३०० च्या आसपासच्या आहेत. दुसरे मोठे नाव च्वांग त्झू यांचे. ते गोष्टी सांगून शिकवत. ही नावे महाराष्ट्रात अगदीच अनोळखी नाहीत. पुण्यातील ओशो आश्रमात एका वास्तूचे नावच ‘लाओ त्झू हाऊस’ आहे.

पूच का?

ताओवादात ‘पु’ अशी एक संज्ञा आहे. तिचा अर्थ न कोरलेले लाकूड. ज्याला अजून कोणी आकार दिलेला नाही, ज्याच्यातले मूळचे सामर्थ्य शाबूत आहे, असा ओंडका. इंग्रजीत तिचा उच्चार अस्वलाच्या नावाशी जवळजवळ जुळतो आणि हॉफ यांनी हा योगायोग पुरेपूर वापरला. मिल्न यांच्या गोष्टींत पू स्वतःला ‘कमी मेंदूचे अस्वल’ समजतो. त्याला स्पेलिंग येत नाही, योजना आखता येत नाहीत. तरीही अडचणीतून वाट निघते ती बहुधा त्याच्याच हातून.

यातली सर्वांत बोलकी गोष्ट ‘द हाऊस ॲट पू कॉर्नर’ (१९२८) या दुसऱ्या पुस्तकात आहे. सारख्या उड्या मारणाऱ्या टिगर या वाघाची खोड मोडण्यासाठी रॅबिट बेत आखतो. त्याला रानात दूर नेऊन चुकवायचे, म्हणजे तो नरम होऊन परत येईल. पू आणि पिगलेट सोबत जातात. धुके पडते आणि टिगर सहज घरी पोहोचतो. हरवतात ते हे तिघेच. घराची वाट शोधावी तर पुन्हा पुन्हा वाळूच्या त्याच खड्ड्यापाशी येऊन थडकतात. तेव्हा पू सुचवतो, की घर शोधताना खड्डाच सापडतो, तर आता खड्डा शोधून पाहू. तो सापडणार नाही, आणि कदाचित जे हवे ते सापडेल. रॅबिटला हे तर्कदुष्ट वाटते. इथून निघालो आणि परत फिरलो तर खड्डा सापडणारच, हे सिद्ध करायला तो धुक्यात जातो, तो परत येतच नाही.

बराच वेळ वाट पाहून पू म्हणतो, आता घरी जाऊ. वाट त्याला माहीत नाही. पण घरच्या कपाटात मधाच्या बारा बरण्या आहेत, त्या केव्हाच्या त्याला हाका मारत आहेत. रॅबिटची बडबड चालू असताना त्या नीट ऐकू येत नव्हत्या, एवढेच. त्या हाकांच्या दिशेने चालत दोघे धुक्याबाहेर पडतात.

हॉफ यांना या गोष्टीत ताओवादाचे एक मुख्य सूत्र दिसते. रॅबिट हुशार आहे, पण त्याची हुशारी स्वतःच्याच आवाजात बुडालेली आहे. आऊलकडे माहिती भरपूर, पण तो तिचा उपयोग मोठे शब्द वापरण्यासाठी करतो. ईयोर हे गाढव सगळ्याला दोष देते. पूकडे यातले काहीच नसल्याने तो समोर जे आहे ते पाहू आणि ऐकू शकतो. मांडणी थोडी सोपी आहे हे खरे, पण मुद्दा लगेच पटतो. धुक्यात उभे राहून मोठमोठ्याने बोलणारे रॅबिट प्रत्येक कचेरीत आणि प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर असतात.

म्हणजे हातावर हात ठेवून बसायचे?

ताओवादाबद्दल सर्वांत मोठा गैरसमज इथेच होतो आणि हॉफ यांचे पुस्तक घाईने वाचले तर तो पक्काही होऊ शकतो. ‘वू वेई’ या चिनी संज्ञेचा शब्दशः अर्थ ‘न करणे’. आपल्याकडच्या ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ या वृत्तीशी तिची गाठ मारण्याचा मोह होतो. पण वू वेई म्हणजे कृतीचा अभाव नव्हे. त्यात ओढाताण, जबरदस्ती, नसती धडपड नसते.

उत्तर ध्रुवाच्या ‘मोहिमे’त कांगारूचे पिल्लू रू ओढ्यात पडते. आऊल बुडणाऱ्याने काय करावे याचे विवेचन करतो. ईयोर पाण्यात शेपूट सोडून बसतो, पण पाठ वळवलेली असल्याने रू कधीच पुढे वाहून गेला हे त्याला दिसत नाही. पिगलेट जागच्या जागी उड्या मारतो. पू प्रवाहाच्या खालच्या बाजूला जाऊन एक लांब काठी आडवी धरतो, कांगा पलीकडचे टोक पकडते आणि रू काठीला लागून वर येतो. तोही कृतीच करतो, पण पाण्याशी झगडत नाही. पाणी रूला जिकडे आणणार तिथे आधीच जाऊन उभा राहतो. (इंग्रजीत काठी आणि ध्रुव दोन्हींना ‘पोल’ म्हणतात, त्यामुळे पूनेच उत्तर ध्रुव शोधला असे जाहीर होते!)

तरीही एक गोष्ट पूकडून शिकता येत नाही. त्यासाठी च्वांग त्झू यांच्याकडेच जावे लागते. त्यांच्या ग्रंथातला डिंग नावाचा खाटिक राजासमोर बैल कापतो, तेव्हा सुरी जणू नाचत असते. साधा खाटिक दर महिन्याला सुरी बदलतो, चांगला वर्षाला. डिंगची सुरी १९ वर्षे जुनी आहे आणि तिची धार आत्ताच लावल्यासारखी. कारण ती हाडावर आपटत नाही, सांध्यांमधल्या पोकळीतून जाते. पण डिंग आणखीही काही सांगतो. सुरुवातीला त्याला फक्त अख्खा बैल दिसायचा, तीन वर्षांनी तसे दिसणे थांबले. आजही अवघड सांधा आला की तो सावध होतो, हात मंद करतो, नजर तिथेच ठेवतो. म्हणजे सहजतेच्या मागे वर्षानुवर्षांचा सराव आणि पूर्ण लक्ष आहे. पूला हे सारे जन्मजात मिळालेले. माणसांना ती सोय नाही. शास्त्रीय संगीताच्या मैफिलीत गवई सहज समेवर येतो तेव्हा त्याने रियाज केलेला नसतो, असे कोणी म्हणत नाही.

पुस्तकातला सर्वांत टोकदार भाग ‘बिझी बॅकसन’चा. ‘कामात आहे, लवकर परततो’ अशी चिठ्ठी छोटा ख्रिस्तोफर रॉबिन चुकीच्या स्पेलिंगमध्ये दारावर लावतो. त्यावरून आऊल आणि रॅबिट ‘बॅकसन’ नावाचा कोणी प्राणी असावा असा अर्थ काढतात. हॉफ म्हणतात, हा प्राणी खरोखरच आहे: सतत कुठेतरी निघालेला, वेळ वाचवता वाचवता वेळच न उरलेला माणूस. हे लिहिले तेव्हा स्मार्टफोन नव्हता.

रिकाम्या बरणीचा उपयोग काय?

‘ताओ ते चिंग’च्या अकराव्या प्रकरणात मातीच्या भांड्याचा दाखला आहे. भांडे मातीचे असते, पण उपयोग होतो तो आतल्या पोकळीचा. मिल्न यांच्या पहिल्या पुस्तकात ईयोरच्या वाढदिवसाला पू मधाची बरणी घेऊन निघतो आणि वाटेत मध खाऊन टाकतो. पिगलेट फुगा घेऊन धावताना पडतो आणि फुगा फुटतो. हाती उरते रिकामी बरणी आणि रबराची चिंधी. नेहमी कुरकुरणारा ईयोर मात्र ती चिंधी बरणीत टाकतो, बाहेर काढतो, पुन्हा टाकतो. मागच्या फुग्याएवढ्या फुग्याला बरणीत जागा नव्हती, या फुटक्याला आहे. तो दिवसभर खूश असतो. मिल्न यांना लाओ त्झू अभिप्रेत होते असे मानण्याचे कारण नाही. पण ते ज्या काळातून आले होते तो विसरू नये. पहिल्या महायुद्धात सोमच्या आघाडीवर ते सिग्नल अधिकारी होते आणि पुढे १९३४ मध्ये त्यांनी युद्धविरोधी पुस्तकही लिहिले. शंभर एकरांच्या रानातली शांतता अशा माणसाने रचलेली आहे.

हॉफ यांनी ईयोरला मात्र न्याय दिलेला नाही. त्यांच्याकडे तो केवळ तक्रारखोर नमुना ठरतो. मिल्न यांच्या रानात त्याला कोणी सुधारत बसत नाही. त्याची शेपटी हरवली तर शोधून आणतात, थंडीत त्याला घर बांधून देतात.

अभ्यासकांचे आक्षेप कोणते?

पुस्तकाची सुरुवात एका जुन्या चित्राने होते. कन्फ्यूशियस, बुद्ध आणि लाओ त्झू शिर्क्याच्या रांजणाभोवती उभे आहेत. एकाला चव आंबट लागते, दुसऱ्याला कडू; तिसरा हसतो आहे. हॉफ यांच्या मते पहिल्या दोघांना जगणेच बिघडलेले वाटते, तर लाओ त्झू ते आहे तसे स्वीकारतात. हे वर्णन कन्फ्यूशियस आणि बुद्ध या दोघांवरही अन्याय करणारे आहे. तिन्ही मार्ग मुळात एकच, असाही या चित्राचा अर्थ लावला जातो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ताओवाद हा चीनमधला जिवंत धर्म आहे. त्याला मठ, पुरोहित, विधी आणि देवता आहेत. १४४५ मध्ये पूर्ण झालेल्या त्याच्या ग्रंथसंग्रहात सुमारे दीड हजार ग्रंथ आहेत. रसेल कर्कलँड यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात, की पाश्चात्त्यांनी हे सारे गाळून स्वतःला सोयीचा, नियम नसलेला ताओवाद तयार केला. शिवाय लाओ त्झू यांच्या ग्रंथाला राजकीय धार आहे. राज्यकर्ते कर वाढवतात म्हणून प्रजा उपाशी मरते, असे तो स्पष्ट म्हणतो. पूच्या रानात कर नाहीत आणि राजाही नाही.

हॉफ यांनीच १९९२ मध्ये ‘द ते ऑफ पिगलेट’मध्ये समाजावर टीका करायला घेतली. पण तिथे सूर चिडका झाला आणि पहिल्या पुस्तकातले हसू बरेचसे गेले. ज्यांना ते ईयोर म्हणून हिणवत होते त्यांच्याच सुरात ते बोलू लागले, असे वाटत राहते.

चीनमध्ये पूला काय स्थान?

‘पु’ आणि ‘पू’ ही कोटी चिनी भाषेत चालत नाही. तिथे या अस्वलाला ‘श्याओश्योंग वेइनी’, म्हणजे ‘छोटे अस्वल विनी’ म्हणतात. २०१३ मध्ये शी जिनपिंग आणि बराक ओबामा यांच्या एकत्र चालतानाच्या छायाचित्राशेजारी पू आणि टिगरचे चित्र ठेवून चिनी समाजमाध्यमांवर गंमत सुरू झाली. पुढे अशा चित्रांवर सेन्सॉरची कात्री चालली आणि २०१७ मध्ये वेइबोवर पूविषयीच्या पोस्ट अडवल्या गेल्या. तरी शांघायच्या डिस्नेलँडमध्ये पूची सफर चालूच राहिली.

वाचायचे कुठून?

हॉफ यांनी २००६ मध्ये प्रकाशन व्यवसायावर रागावून लेखनसंन्यास जाहीर केला होता. २०२१ मध्ये ते ‘ताओ ते चिंग’चे स्वतःचे इंग्रजी रूपांतर घेऊन परतले. पण सुरुवात मिल्न यांच्या दोन मूळ पुस्तकांनीच करावी, म्हणजे हॉफ यांनी कुठे नेमके पकडले आणि कुठे ताणले ते कळते. मिल्न यांचे निधन १९५६ मध्ये झाले. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे २०१७ पासून हा मजकूर इथे मुक्त आहे. ई. एच. शेपर्ड यांची चित्रे मात्र अजून नाहीत. त्यांचे निधन १९७६ चे.