माहेरची किडनी

आईने लेकीला किडनी दिली आणि पुढे लेकीला दिवस गेले, तर त्या किडनीची ही दुसरी खेप. लेक पोटात होती तेव्हा हीच किडनी तिच्यासाठी जादा राबली होती. आता पंचवीस-तीस वर्षांनी, दुसऱ्याच शरीरात बसून, ती नातवंडासाठी राबते.

गर्भारपणात निरोगी किडनीचा रक्त गाळण्याचा वेग जवळपास दीडपट होतो. प्रत्यारोपणात डॉक्टर रक्तवाहिन्या जोडतात, मूत्रनलिका मूत्राशयात सोडतात. कापलेल्या नसा मात्र तशाच राहतात. मेंदूशी असलेली तार तुटलेली. तरी गर्भ राहिल्याची खबर तिला रक्तातून लागते आणि तीही वेग वाढवते! बसवलेली असते ओटीपोटात, कुशीच्या हाडाच्या खोबणीत. जुन्या दोन किडन्या बहुधा काढत नाहीत, म्हणजे बाईच्या अंगात तीन. शेजारी गर्भाशय फुगत जातं, तरी सहसा किडनी चेंगरत नाही. म्हणून केवळ किडनीसाठी सिझेरियन करावंच लागतं, असं नाही.

आणखी एक गंमत. किडनी परकी, म्हणून शरीराने तिच्यावर उठू नये यासाठी रोज गोळ्या. बाळही निम्मं बापाचं, म्हणजे परकंच. त्याला मात्र शरीर गोळीवाचून नांदवतं. हे कसं, असा प्रश्न शास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी १९५३ मध्ये मांडला. त्याचं पुरतं उत्तर अजून हाती नाही.

बुलढाणा जिल्ह्यात हे सगळं सांगायला कारण आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. इथे किडनीच्या आजाराचं बोट खाऱ्या पाण्याकडे जातं, आणि ‘डायलिसिस’ म्हणजे काय हे गावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. डायलिसिसवरच्या बाईची पाळी बऱ्याचदा थांबते, आणि मूल हा विषय घरात मिटला असं सगळे धरून चालतात. पण नवी किडनी लागली की काही महिन्यांतच पाळी परतते, आणि ध्यानीमनी नसताना दिवस जाऊ शकतात.

असं पहिलं बाळंतपण अमेरिकेतलं. १९५६ मध्ये बॉस्टनला डॉ. जोसेफ मरे यांनी एडिथ हेल्म यांना त्यांच्या जुळ्या बहिणीची किडनी बसवली. मार्च १९५८ मध्ये एडिथ यांना मुलगा झाला. बहीण एकसारखी जुळी, म्हणून परकेपणाचा प्रश्नच नव्हता. बाकीच्यांना गोळ्यांचा हिशेब चुकवता येत नाही. त्यातलं मायकोफेनोलेट बाळाचे कान, ओठ, टाळू बिघडवू शकतं. ते दिवस राहण्याच्या किमान सहा आठवडे आधी बंद करून बहुधा अ‍ॅझाथायोप्रिन देतात. तेही जहालच औषध, पण गर्भाच्या कोवळ्या यकृतात ते पुरतं कामाला लावणारं विकरच नसतं. टॅक्रोलिमस चालू राहतं, फक्त रक्तातलं प्रमाण पुन्हापुन्हा मोजावं लागतं.

धोका आहेच. जगभरच्या नोंदी एकत्र केल्या तर १०० गर्भारपणांत ७३ च्या आसपास जिवंत बाळं जन्मतात. साधारण चौघींत एकीचा रक्तदाब धोकादायक चढतो, निम्म्याच्या जवळपास बाळं वेळेआधी येतात, आणि सरासरी वजन सुमारे २४०० ग्रॅम भरतं. किडनी आधीपासून ठणठणीत असेल तर एका बाळंतपणाने ती सहसा जात नाही. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा कचरा, चढलेलं असेल तर मात्र जाऊ शकते. मला विचाराल तर खरी परीक्षा नऊ महिन्यांची नाही, त्याआधीच्या वर्षाची आहे.

तेव्हा घरात अशी लेक-सून असेल तर प्रत्यारोपणानंतर निदान एक वर्ष थांबा. क्रिएटिनिन दीडच्या आत, लघवीतली प्रथिनं आणि रक्तदाब ताब्यात आहेत ना, हे किडनीच्या डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या. आणि पाळी चुकली तर घाबरून एकही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.