मासिक पास

ठराविक दोन स्थानकांदरम्यान महिनाभर कितीही वेळा प्रवास करण्याचा हक्क देणारे सवलतीचे तिकीट. यास ‘सीझन तिकीट’ असेही म्हणतात. नोकरी, शिक्षण इ. कारणांनी रोज ये-जा करणाऱ्यांसाठी रेल्वे, राज्य परिवहन (एस्‌.टी.) व शहर बससेवा यांत ते प्रचलित आहे. पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे (ता. मावळ) येथील प्रवासावरून या पद्धतीचे लाभ व मर्यादा स्पष्ट होतात.

खंडाळा–पुणे लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. मात्र पुणे–लोणावळा ही उपनगरी (लोकल) सेवा १९७८ मध्ये सुरू झाली. तिच्या १७ स्थानकांपैकी तळेगाव व घोरावाडी ही दोन या गावास उपयोगी पडतात. तळेगाव पुण्यापासून लोहमार्गाने सु. ३५ किमी. असून पिंपरी, चिंचवड व आकुर्डी ही औद्योगिक स्थानके वाटेतच लागतात. त्यामुळे तळेगावात राहून तेथील कारखान्यांत नोकरी करणे शक्य झाले.

रेल्वेच्या द्वितीय वर्गाच्या मासिक पासाची आकारणी सु. १५ एकेरी भाड्यांच्या आधारे होते. जून २०१४ मध्ये ती ३० भाड्यांवर नेण्याचा निर्णय झाला होता. परंतु प्रवाशांच्या विरोधामुळे तो लगेच मागे घेण्यात आला. महिन्यात २५ दिवस जाऊन-येऊन ५० फेऱ्या करणारा पासधारक अशा रीतीने केवळ १५ फेऱ्यांचे भाडे देतो. त्रैमासिक पास मासिकाच्या २·७ पट रकमेत मिळतो. एस्‌.टी.च्या मासिक पासात २० दिवसांचे भाडे घेऊन ३० दिवस प्रवास करू देतात.

ही सवलत आगाऊ रक्कम भरण्यावर अवलंबून असते, हा या पद्धतीतील मूलभूत दोष होय. रोजंदारीवरील मजुरास महिन्याची रक्कम एकदम जमविणे कठीण जाते व पुढील महिन्यात काम कोठे मिळेल, याचीही शाश्वती नसते. तो रोज तिकीट काढतो आणि ५० फेऱ्यांसाठी पासधारकाच्या तिपटीहून अधिक भाडे देतो. अर्थात ज्याचे उत्पन्न अनिश्चित, त्यालाच प्रवास महाग पडतो.

पास ठराविक मार्गापुरताच उपयोगी असतो, ही दुसरी मर्यादा. चाकणला लोहमार्ग नाही. त्यामुळे पुढे तेथील कारखान्यांत जाणाऱ्यास बस वा सहभाडे वाहनाचा आधार घ्यावा लागतो व त्याचे भाडे निराळे द्यावे लागते. पास हस्तांतरणीय नसतो. तो ओळखपत्रासह जवळ बाळगावा लागतो. मुदत संपलेला पास घेऊन प्रवास करणे हा विनातिकीट प्रवासच ठरतो. रेल्वे अधिनियम, १९८९ अन्वये अशा प्रवाशाकडून भाड्याव्यतिरिक्त किमान २५० रु. जादा आकार वसूल करता येतो.

आगाऊ रकमेची अट टाळण्यासाठी काही शहरांत भाड्याची कमाल मर्यादा ठरविण्यात आली आहे. लंडनमध्ये प्रवासी प्रत्येक फेरीचे पैसे कार्डाने देतो. मात्र दिवसाची वा आठवड्याची एकूण रक्कम ठराविक मर्यादेस पोहोचली, की त्या मुदतीतील पुढील फेऱ्यांचे भाडे घेतले जात नाही. त्यामुळे पासाचा लाभ मिळण्यासाठी हाती एकरकमी पैसा असण्याची गरज राहत नाही.