आलेखावर भरवसा कधी ठेवायचा?

दृष्टिपटलावर प्रकाश पडला की तिथल्या पेशींमधून विजेची बारीक लहर उमटते. ती टिपणारी तपासणी म्हणजे इलेक्ट्रोरेटिनोग्राम, दवाखान्याच्या बोलीत ईआरजी. लहर जेमतेम काहीशे मायक्रोव्होल्टची. एवढ्याशा विजेवरून रातांधळेपणासारख्या आजाराचं निदान ठरतं.

पुण्यातल्या एका नेत्ररुग्णालयात ही तपासणी जवळून पाहिली. रात्री अडखळणारा एक शाळकरी मुलगा आईबरोबर आला होता. थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि त्याला 20 मिनिटं काळोखात बसवलं. मग मंद लाल उजेडात तंत्रज्ञ ताईंनी कानशिलाजवळची त्वचा जेलने घासून इलेक्ट्रोड चिकटवला. चांदीचा मुलामा दिलेला केसाहून बारीक धागा खालच्या पापणीच्या कडेने बुबुळाला टेकवला. खरी गोम या धाग्यात आहे. तो पापणीच्या आत घसरला, तर लहरीची उंची कमी भरते आणि धडधाकट डोळाही आजारी वाटू शकतो. शिखर गाठायला लागणारा वेळ मात्र त्याने फारसा बदलत नाही, म्हणून जाणकार डॉक्टर उंचीइतकंच वेळेकडेही बघतात.

“पापणी हलवू नको हं, बाळा,” ताई म्हणाल्या. पहिली चमक झाली आणि पडद्यावर भलताच सुळका उठला. मुलाने डोळे मिटले होते. तो आलेख त्यांनी तिथेच बाद केला. पुढची चमक लगेच देता येत नाही. प्रखर चमकांमध्ये 10 सेकंद थांबावं लागतं, सर्वांत प्रखर असेल तर 20. नाहीतर काळोखाला सरावलेल्या पेशी सावरतच नाहीत. एकदा आलेखावर सारखी थरथर दिसली. ती डोळ्यातली नव्हती, भिंतीतल्या 50 हर्ट्‌झ विजेची होती. ताईंनी कानशिलावरचा इलेक्ट्रोड काढून पुन्हा नीट बसवला, तेव्हा ती थांबली. शेवटी लागोपाठचे दोन आलेख एकमेकांवर बसले, तेव्हाच त्यांनी नोंद पक्की केली.

दुसऱ्यांदा घेऊन न जुळवलेल्या आलेखावर निदान करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आयुष्यभराचा निर्णय त्यावर उभा राहतो.

तुमच्या घरी कुणाची ईआरजी व्हायची असेल तर त्याआधी त्याच दिवशी डोळ्याचे फ्लॅश फोटो काढू देऊ नका. काढलेच असतील तर तंत्रज्ञांना आधी सांगा. आणि पुढची तपासणी शक्यतो त्याच केंद्रात करा, कारण इलेक्ट्रोड बदलला की आकडेही बदलतात.