काळ्या मातीवर बदलणारा निळा रंग

मेथिलीन ब्लूचा पातळ द्राव स्वच्छ निळा असतो. त्यात नेवाशाकडच्या काळ्या रानातल्या मातीचं गढूळ पाणी थोडं घातलं की त्या निळ्याला जांभळी झाक येते. रसायनशास्त्र शिकवताना हा प्रयोग मी मुलांना आवर्जून करायला लावतो. त्यात रंगाचा रेणू मोडत नाही, नवा पदार्थ तयार होत नाही. रेणू फक्त एकमेकांच्या जवळ येतात.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातली काळी जमीन बेसॉल्ट झिजून झालेली. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, ती तिच्यातल्या माँटमोरिलोनाइट गटातल्या चिकणमातीमुळे. या मातीचा एक थर जेमतेम 1 नॅनोमीटर जाड असतो. शुद्ध माँटमोरिलोनाइटच्या एका ग्रॅमचे सगळे थर उलगडले तर पृष्ठभाग सुमारे 750 चौरस मीटर भरतो! त्यावर ऋणभार असतो. मेथिलीन ब्लूचा रेणू चपटा आणि धनभारित. तो थरावरच्या सोडियम-कॅल्शियमला हटवून तिथे बसतो.

सुटा रेणू 664 नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश शोषतो, म्हणून पाणी निळं दिसतं. थरावरचे ऋणभार जवळजवळ असले, की रेणूही दाटीने बसतात आणि भाकरींच्या चवडीसारखे एकावर एक रचले जातात. मग त्यांना प्रकाश शोषायला जास्त ऊर्जा लागते. शोषण 570 ते 600 नॅनोमीटरकडे सरकतं आणि रंग जांभळा होतो. म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या भारांमधलं अंतर रंग सांगतो. मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच. स्लोव्हाकियाचे युराय बुजडाक यांनी या रंगबदलावरून चिकणमातीचा भार ताडण्यावर बरंच काम केलं आहे. काही मातींत तर वेळ गेला की रेणू थरांच्या आत शिरतात, चवडी सुटतात आणि रंग पुन्हा निळ्याकडे झुकतो.

हाइनरिख कारो यांनी 1876 मध्ये बनवलेला हा रंग आज बांधकामातही उपयोगी पडतो. खडक फोडून केलेल्या वाळूत फुगणारी माती किती, हे त्याने तपासतात. वाळूच्या पाण्यात रंग घालत जायचं आणि थेंब गाळण कागदावर टाकत राहायचं. डागाभोवती फिकट निळं वलय टिकलं, की मातीला आणखी रंग धरवत नाही.

कोकणच्या जांभ्या मातीत केओलिनाइट जास्त, त्यामुळे ती रंग कमी धरते. शाळा-महाविद्यालयांतल्या शिक्षकांनी या दोन्ही मातींचं पाणी शेजारीशेजारी ठेवून मुलांना हा प्रयोग जरूर करू द्यावा.