रुग्णांच्या स्वास्थ्याचे मोजमाप आणि निधीचे वाटप

आरोग्यसेवेच्या कार्याचा हिशेब बहुधा खाटा, शस्त्रक्रिया आणि मृत्युदर यांच्या आकड्यांत मांडला जातो. उपचारानंतर रुग्ण पूर्ववत कामास लागला काय, त्याच्या वेदना शमल्या काय, हे त्यांतून कळत नाही. ही उणीव दूर करण्याचा पद्धतशीर प्रयत्न इंग्लंडमध्ये झाला आहे.

कोणत्या औषधोपचारांवर सरकारी आरोग्यसेवेने खर्च करावा, याविषयी तेथे १९९९ मध्ये स्थापन झालेली ‘नाइस’ ही संस्था शिफारशी करते. त्यासाठी मुख्यतः ‘ईक्यू-५डी’ या प्रश्नावलीचा आधार घेतला जातो. चालणे-फिरणे, स्वतःची निगा, नित्याचे व्यवहार, वेदना आणि चिंता वा खिन्नता या पाच बाबींविषयी रुग्ण स्वतः उत्तरे देतो. त्यांवरून गुणांक ठरतो. पूर्ण स्वास्थ्यास १, तर मृत्यूस शून्य. कोणत्या त्रासाला किती महत्त्व द्यावे, हे सर्वसामान्य नागरिकांच्या पाहणीतून निश्चित केलेले असते.

समजा, एखाद्या उपचाराने गुणांक ०.५ वरून ०.८ झाला व ही सुधारणा १० वर्षे टिकली, तर ३ स्वास्थ्यवर्षांचा लाभ झाला. त्यासाठी ६०,००० पौंड जादा खर्च आल्यास एक स्वास्थ्यवर्ष २०,००० पौंडांस पडले. अनेक वर्षे ‘नाइस’ने सर्वसाधारणपणे २० ते ३० हजार पौंडांची मर्यादा मानली. अशा रीतीने भिन्न रोगांवरील उपचारांची तुलना शक्य होते.

मात्र या मापालाही मर्यादा आहेत. अंथरुणास खिळलेल्या वृद्धाला वेळेवर जेवण, स्नानास मदत आणि सोबत मिळाली, तरी त्याचा गुणांक फारसा हलत नाही. त्याचा दिवस मात्र सुसह्य होतो. म्हणून सामाजिक सेवांसाठी केंट विद्यापीठात ‘ॲस्कॉट’ हे निराळे माप तयार झाले. त्यात आहार, स्वच्छता, सुरक्षितता, माणसांचा सहवास आणि आत्मसन्मान यांचीही विचारणा होते.

भारतातही केंद्रीय आरोग्य संशोधन विभागाने २०१७ मध्ये आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाची व्यवस्था उभारली. ‘ईक्यू-५डी’साठी भारतीय नागरिकांच्या मतांवर आधारलेली मूल्ये २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. परक्या देशाच्या मापावर विसंबण्याची गरज त्यामुळे उरली नाही.

जे विचारले जात नाही ते मोजले जात नाही, आणि त्याच्या वाट्याला निधी येणेही दुरापास्त होते. म्हणून आरोग्य वा सामाजिक सेवेच्या कोणत्याही योजनेचा अहवाल हाती आला, की आकड्यांपूर्वी त्यामागील प्रश्न तपासणे अगत्याचे आहे.