परदेशी तेलक्षेत्रांचे मोल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सरकारी तेल कंपन्या परदेशात तेलक्षेत्रे खरेदी करतात तेव्हा खर्ची पडणारी रक्कम अखेर प्रजेचीच असल्यामुळे, तिच्या रास्तपणाविषयी जाब विचारणे हा नागरिकांचा हक्क आहे. परंतु तो जाब चुकीच्या समजुतीवर आधारलेला असेल, तर खरा दोष नजरेतून निसटतो.

गैरसमज : भूगर्भातील साठ्याला बाजारभावाने गुणले की किंमत निघते.

वस्तुस्थिती : साठ्यातील किती तेल, किती वर्षांत, किती खर्चाने वर येईल आणि त्या देशाचा कर भरून हाती काय उरेल, याचा अदमास घेऊन त्या भावी उत्पन्नाचे आजचे मोल ठरवावे लागते, म्हणूनच जमिनीतील पिंपाची किंमत बाजारातील पिंपाहून पुष्कळच कमी असते.

गैरसमज : सौदा बुडतो तो केवळ तेलाचा भाव कोसळल्यामुळे.

वस्तुस्थिती : सायबेरियातील तोम्स्क प्रांतात क्षेत्रे असलेल्या इम्पीरियल एनर्जी या कंपनीसाठी भारताच्या ओएनजीसी विदेश या सरकारी कंपनीने ऑगस्ट 2008 मध्ये बोली जाहीर केली, त्याच्या आदल्याच महिन्यात कच्चे तेल पिंपामागे 147 डॉलरांवर पोचले होते, जानेवारी 2009 मध्ये सुमारे 2.1 अब्ज डॉलरांचा व्यवहार पुरा झाला, तेव्हा ते 40 डॉलरांच्या आसपास उतरले होते. तथापि भाव पुढे सावरला तरी तेथील घट्ट खडकातून अपेक्षेइतके तेल निघालेच नाही, आणि नियंत्रक व महालेखापरीक्षकांनीही उत्पादनाच्या त्या अवाजवी अंदाजावरच ठपका ठेवला.

गैरसमज : सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला मालमत्ता मिळतेच.

वस्तुस्थिती : 2005 मध्ये चीनच्या सीनूक या सरकारी कंपनीने अमेरिकेतील युनोकॅलसाठी 18.5 अब्ज डॉलर देऊ केले असता, वॉशिंग्टनमधील राजकीय विरोधामुळे तिला माघार घ्यावी लागली व शेव्हरॉनने ती कंपनी कमी रकमेत मिळवली. त्याच सीनूकने 2013 मध्ये कॅनडाची नेक्सेन 15.1 अब्ज डॉलरांना घेतली, ती समभागांच्या बाजारभावावर साठ टक्क्यांहून अधिक वाढावा देऊन आणि कॅनडा सरकारची संमती मिळवून.

गैरसमज : मंत्रिमंडळाची मंजुरी म्हणजेच किमतीची शहानिशा.

वस्तुस्थिती : मंजुरी देणाऱ्यांचा निर्णय त्यांच्यापुढे ठेवलेल्या टिपणातील गृहीतांइतकाच विश्वसनीय असतो, सबब सहीच्या दिवशी कोणता भाव, किती उत्पादन व कोणता कर धरला होता, याची दप्तरी नोंद राहून ती ठरावीक मुदतीने संसदेपुढे प्रत्यक्षाशी ताडली जावी, हाच आग्रह नागरिकांनी धरला पाहिजे.