दिवाणखान्यातला कारवानी

दुपारी दोनच्या सुमारास कारवानी लांबलचक तंगड्या पसरून दिवाणावर गाढ झोपलेला असतो. घरी आलेले पाहुणे हमखास विचारतात, ‘एवढा सुस्त कुत्रा शिकारी कसा?’ संध्याकाळी तोच कुत्रा फिरायला बाहेर पडतो, उभ्या गाडीखालून एखादे मांजर सुसाट निघते आणि पट्टा धरणाऱ्याचा खांदा निखळायची वेळ येते. ही दोन्ही रूपे एकाच शरीराची आहेत. ती नीट समजून घेतली, तर हा देखणा कुत्रा घरात सुखाने नांदतो. नाही घेतली, तर तो घराला जड होतो आणि घर त्याला.

लातूर-सोलापूरच्या कोरडवाहू रानांपासून उत्तर कर्नाटकातल्या मुधोळपर्यंत हा कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. कोणी त्याला कारवान म्हणते, कोणी मुधोळ हाउंड. कानांना आणि शेपटीला रेशमी झालर असली की तो पश्मी. नराची खांद्यापर्यंतची उंची साधारण ६८ ते ७२ सेंटीमीटर, छाती खोल, पोट खपाटीला गेलेले. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात निगुतीने सांभाळली आणि तिची एक जोडी इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना भेट दिली. २००५ साली टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढले. २०१६ मध्ये मुधोळची पिल्ले लष्कराच्या मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली. मूळ काम मात्र उघड्या रानात उठलेला ससा धावून पकडण्याचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही शिकार गुन्हा ठरली, आणि ते योग्यच झाले. काम गेले, पण त्या कामासाठी घडलेले डोळे, छाती आणि मेंदू तसेच राहिले.

आधी डोळे. बहुतेक शिकारी कुत्रे नाकाने माग काढतात, कारवानी नजरेने. सिडनी विद्यापीठातले पॉल मॅकग्रीव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये कुत्र्यांच्या डोळ्यांचे पडदे तपासले, तेव्हा त्यांना नाकाची लांबी आणि नजर यांचा थेट संबंध आढळला. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यात दृष्टीच्या पेशी पडद्याच्या मध्यावर एकवटलेल्या असतात. लांब तोंडाच्या कुत्र्यात त्या आडव्या पट्टीसारख्या पसरतात. त्यामुळे मान न वळवता त्याला सगळे क्षितिज एकदम न्याहाळता येते. त्यात हालचाल टिपण्याची ताकद कुत्र्यांत मुळातच मोठी. १९३६ साली १४ पोलिसी कुत्र्यांवर केलेल्या चाचणीत सर्वांत तीक्ष्ण नजरेच्या कुत्र्याला हलणारी वस्तू ८०० मीटरच्या पलीकडूनही ओळखता आली. तीच वस्तू स्थिर ठेवल्यावर त्याची मजल ६०० मीटरच्याही आत आली. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उडालेली प्लॅस्टिकची पिशवी मालकाला दिसायच्या आत कारवानीचे कान का टवकारतात, ते यावरून कळते.

आता शरीर. ग्रेहाउंड, सालुकी, कारवानी हे सगळे एकाच बांध्याचे धावपटू. भरधाव धावताना त्यांचे चारही पाय एका झेपेत दोनदा जमीन सोडतात: एकदा अंग आखडून घेताना, एकदा पूर्ण ताणताना. पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो. ग्रेहाउंड असा ताशी ६० किलोमीटरच्याही पुढे जातो. त्याचे हृदय वजनाच्या मानाने इतर कुत्र्यांपेक्षा मोठे आणि रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण जास्त असते. पण हा सगळा जोर थोड्या अंतरापुरता. ससा मिनिटा-दोन मिनिटांत सापडतो किंवा बिळात-झुडपात गायब होतो, मग दम खात पडून राहायचे. म्हणून दुपारची ती झोप हा आळस नव्हे.

घरच्यांची खरी परीक्षा पाहतो तो मेंदू. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रेमंड कॉपिंजर यांनी कुत्र्याच्या शिकारीचे टप्पे मांडले: नजर रोखणे, दबा धरणे, पाठलाग, झडप, चावा, फाडणे, खाणे. माणसाने पैदास करताना यातले काही टप्पे वाढवले, काही दाबले. मेंढ्या वळवणाऱ्या बॉर्डर कॉलीत नजर रोखणे आणि पाठलाग ठळक उरला, चावा मागे पडला. नजरेने शिकार करणाऱ्या कुत्र्यांत पाठलाग आणि झडप सर्वांत जोरकस. महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक टप्पा कुत्र्याला स्वतःच आनंद देतो, बक्षिसाची वाट पाहावी लागत नाही. मांजरामागे सुटलेल्या कारवानीला मालकाची हाक ऐकू येते, पण त्या क्षणी ती फिकी पडते. परत आल्यावर त्याला मारले, तर तो एवढेच शिकतो की परत येण्यात मार आहे.

मग करायचे काय? पाठलाग बंद करता येत नाही, त्याला वाट देता येते. काठीला दोरी आणि दोरीला चिंधी बांधून ती जमिनीलगत फरफटवली की पाच-दहा मिनिटांत कुत्र्याची हौस भागते. चिंधी त्याला अधूनमधून पकडू द्यावी, कारण पाठलागाचा शेवट झडपेने झाला तरच तो शांतपणे थांबतो. त्याशिवाय कुंपण घातलेल्या जागेत रोज मोकळी धाव हवी, आणि उन्हाळ्यात ती उजाडायच्या सुमारास. हाताचा तळवा डांबरावर टेकवून चटका बसला, तर कुत्र्याच्या पंजांनाही तो बसणारच. हाडे पक्की होईपर्यंत, म्हणजे साधारण दीड वर्षाच्या वयापर्यंत, त्याला सायकलमागे सिमेंटच्या रस्त्यावर पळवू नये.

पट्ट्याची गोष्ट छोटी, पण जीव वाचवणारी. कारवानीचे डोके अरुंद आणि मान त्याच्या जवळपास तेवढ्याच घेराची, त्यामुळे साधा पट्टा मागे हिसका देताच कानांवरून निसटतो. ओढ बसली की ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळणारा रुंद मार्टिंगेल पट्टा घालावा. उघड्या जागी लांब दोरीशिवाय सोडू नये, रस्त्याकडेला तर कधीच नाही. घरात मांजर, ससा किंवा कोंबड्या असतील, तर त्यांना त्याच्याबरोबर एकटे ठेवू नये.

पायांइतकेच काम नाकालाही द्यावे. शार्लोट द्युरांतों आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २०१९ मध्ये घरगुती कुत्र्यांच्या एका गटाला दोन आठवडे वास घेऊन खाऊ शोधायला लावले आणि दुसऱ्या गटाला मालकाच्या पायाशी चालायला शिकवले. नंतर खाऊ आहे की नाही याची खात्री नसलेल्या भांड्याकडे पहिल्या गटातले कुत्रे पूर्वीपेक्षा लवकर जाऊ लागले, म्हणजे त्यांचा कल आशावादी झाला. पावसाळ्यात बाहेर पडता येत नाही तेव्हा जुन्या चादरीच्या घड्यांत भाकरीचे तुकडे लपवून ठेवले, तरी हा व्यायाम घरातच होतो.

जातीवरून सगळेच ठरते असेही नाही. ‘सायन्स’मध्ये २०२२ साली आलेल्या मोठ्या अभ्यासात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांची उत्तरे आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचे जनुकसंच तपासले गेले. दोन कुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीने उलगडला. म्हणून पिल्लू घेताना कागदापेक्षा त्याचे आई-बाप पाहावेत: अनोळखी माणूस आल्यावर ते कसे वागतात, आवाजाने बिचकतात का. कारवानीला परक्याचा हात अंगावर आलेला सहसा खपत नाही. तेव्हा तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंतच्या कोवळ्या काळात पिल्लाला मुले, म्हातारी माणसे, प्रेशर कुकरची शिट्टी, लिफ्ट यांची सवय व्हायला हवी. हा काळ स्कॉट आणि फुलर यांनी १९६५ च्या त्यांच्या ग्रंथात सविस्तर मांडला होता. आणि कुत्रा झोपलेला असताना त्याच्या अंगावर लोळायचे नाही, हे घरातल्या मुलांनाही त्याच वेळी शिकवावे.

शेवटची सूचना दवाखान्याची. अंगावर चरबी कमी असल्याने या बांध्याच्या कुत्र्यांवर भुलीच्या काही औषधांचा अंमल लांबतो. ग्रेहाउंडमध्ये तर अशी औषधे पचवणाऱ्या यकृतातल्या एका विकराच्या जनुकातच बदल असल्याचे वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले आहे. कारवानीला नसबंदीसाठी किंवा टाके घालण्यासाठी नेताना तो नजरेने शिकार करणाऱ्या जातीचा आहे हे पशुवैद्यांना आधी सांगावे आणि त्याच्या लसीकरणाच्या पुस्तिकेवरही ठळक अक्षरांत लिहून ठेवावे.